आजोबांची पद्मिनी, तिचा तीन अक्षरी नंबर आणि घरातली दोन लायसन्स

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी कोल्हापूरच्या घरी शेडमध्ये उभी आहे. नंबर जुना, एमएमपासून सुरू होणारा तीन अक्षरी. आजोबा २०२१ मध्ये गेले. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची मुदत २०१९ मध्येच संपली आहे. नातवाला, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांना, गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. आजोबांच्या वेळची काळी नंबर प्लेट तशीच ठेवता येईल का? हाय सिक्युरिटी प्लेट (आता सक्तीची झालेली सरकारी नंबर प्लेट) घेतली तर नंबर जाऊन एमएच-१२ येईल का? मागे मराठी आकड्यांची प्लेट होती, ती चालेल का? स्वतः पुण्यात राहतात पण लायसन्सवर पत्ता कोल्हापूरचा, आणि बासष्ट वर्षांच्या बाबांचं लायसन्स अजून जुन्या पुस्तकाचं, त्यावर गाडी चालवली तर काही अडेल का? शिवाय वर्षभरात बंगळूरला बदली होण्याची शक्यता आहे.

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं जुन्या गाड्या उभ्या करून देण्याचं काम करतो, त्यात इंजिनाइतकीच कागदांचीही कामं येतात. प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते असं, की तुम्ही विचारताय नंबर प्लेटबद्दल, पण तुमची खरी अडचण आरसीत आहे. आज कायद्याच्या नजरेत या गाडीला हयात मालक नाही आणि चालू नोंदणीही नाही. अशा गाडीला कुठल्याही रंगाची, कुठल्याही अक्षरांची प्लेट लावली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. आजोबांचा नंबर वाचवायचा असेल तर तो प्लेटवर वाचणार नाही, आरसीवर वाचेल. म्हणून मी उत्तराचा क्रम थोडा बदलतो.

नंबर बदलेल का, या भीतीचं आधी निरसन करतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी नावावर केली, पत्ता बदलला, रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) केलं, हाय सिक्युरिटी प्लेट लावली, यांपैकी कशानेही नोंदणी क्रमांक बदलत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यानंतर एमएच-०१, एमएच-०९, एमएच-१२ अशी जिल्हावार मांडणी आली. त्याआधीच्या एमआर, एमएच, एमएम, एमटी वगैरेंनी सुरू होणाऱ्या तीन अक्षरी गाड्यांचे नंबर तसेच पुढे चालू राहिले. माझ्याकडे आजही असे नंबर येतात, रिपासिंग होऊन त्याच नंबरने परत जातात. हाय सिक्युरिटी प्लेटवरही तोच तीन अक्षरी नंबर उमटतो. एजंट जर म्हणाला की ‘नवीन सिरीज घ्यावी लागेल’, तर कुठल्या नियमाखाली, हे त्याला लिहून द्यायला सांगा.

नंबर जातो तो राज्य बदललं की. कायद्याचं कलम ४७ सांगतं, की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे तुमची बदली बंगळूरला झाली म्हणून काही होत नाही, गाडी बंगळूरला नेऊन ठेवलीत तर होतं. कलम गाडी कुठे ठेवली आहे हे बघतं, मालकाची नोकरी कुठे आहे हे बघत नाही. तुमच्या जागी मी असतो तर पद्मिनी कोल्हापुरातच ठेवली असती आणि बंगळूरला दुसरी कुठलीही गाडी वापरली असती. एकदा कर्नाटकाचा नंबर पडला, की आजोबांचा नंबर त्या गाडीवर परत येईल असं धरून चालू नका. मी हे एका घरात घडताना पाहिलं आहे. मुलाने कौतुकाने वडिलांची जीप परराज्यात नेली, दोन वर्षांनी तिथल्या नियमाप्रमाणे नंबर बदलून घेतला, आणि नंतर वडिलांनी त्या गाडीकडे बघणंच सोडलं. नंबर म्हणजे चार आकडे नसतात घरच्यांना, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता वारसाचा मुद्दा. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण नातवंडं इथेच चुकतात. मालक वारल्यावर काय करायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ मध्ये आहे. तीस दिवसांत आरटीओला मृत्यू कळवायचा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर मागायची. तुमची ती मुदत कधीच उलटून गेली आहे. त्याने हक्क जात नाही, विलंबाचं शुल्क लागतं एवढंच. पण वारस कोण? वडील हयात असताना नातू थेट वारस ठरत नाही. आजी, वडील, काका, आत्या हे वारस. आजोबांनी मृत्युपत्रात गाडी तुमच्या नावे लिहिली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर दोन वाटा आहेत. सगळ्या वारसांनी प्रतिज्ञापत्रावर ना-हरकत देऊन बाबांच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी करायची, आणि नंतर हवं तर फॉर्म २९ आणि ३० भरून बाबांकडून तुमच्या नावावर. किंवा सगळ्यांच्या संमतीने एकाच टप्प्यात तुमचं नाव लावता येतं का ते कार्यालयात विचारायचं. दुसरी वाट काही कार्यालयांत मान्य होते, काही ठिकाणी होत नाही. पहिली कुठेही अडत नाही, म्हणून मी नेहमी तीच सुचवतो.

आणि तुमच्या बाबतीत तर बाबांच्या नावावर थांबलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबा कोल्हापुरात राहतात, गाडी तिथे आहे, नोंद तिथल्या कार्यालयात आहे. सगळं एकाच ठिकाणी होतं, गाडी पुण्याला आणावी लागत नाही, आणि उद्या तुम्ही बंगळूरला गेलात तरी कागदांना हात लावावा लागत नाही. आत्या जर दुसऱ्या गावी असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आधी मागवा. या कामात आरटीओपेक्षा नातेवाइकांच्या सह्यांना जास्त दिवस लागतात. आणि सही मागताना फोनवर उरकू नका, जाऊन भेटा. आजोबांची गाडी आहे, त्यांनाही ती आपलीच वाटत असणार.

फॉर्मला हात लावण्याआधी एक तपासणी करा. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत तुमचा नंबर टाकून गाडी दिसते का बघा. जुन्या नंबरात आकडे चारपेक्षा कमी असतील, समजा पंचेचाळीस, तर एकदा नुसते ४५ टाकून बघा आणि एकदा आधी शून्यं लावून ००४५. दोन्ही पद्धतींनी नोंदलेल्या गाड्या मला भेटल्या आहेत. गाडी दिसलीच नाही तर तिची नोंद अजून जुन्या रजिस्टरमध्येच आहे असं समजायचं, आणि मूळ आरसी बुक घेऊन कार्यालयात ‘बॅकलॉग एंट्री’, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यायची. ही नोंद झाल्याशिवाय पुढे हाय सिक्युरिटी प्लेटचं बुकिंग होत नाही, पीयूसी (धूर तपासणीचा दाखला) निघत नाही, कर भरता येत नाही. सगळी गाठ तिथे आहे. मूळ आरसी बुक सापडत नसेल तर तेही आत्ताच शोधा, कारण तिच्याशिवाय बॅकलॉगचं काम फार लांबतं.

त्याच वेळी गाडीजवळ जाऊन इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं पेट्रोल. त्या काळात खर्च वाचवण्यासाठी कितीतरी जणांनी त्यात डिझेल इंजिन बसवलं, किंवा मोडलेल्या दुसऱ्या फियाटचं (पद्मिनी मुळात फियाटच) इंजिन आणून टाकलं, आणि आरसीवर नोंद करायचं राहून गेलं. आजोबांनी असं काही केलं असेल तर ते इन्स्पेक्टरसमोर उघडकीला येण्यापेक्षा आधी तुम्हाला कळलेलं चांगलं. कलम ५२ प्रमाणे असा बदल कार्यालयाच्या परवानगीने आरसीवर चढवावा लागतो. त्याच जातीचं इंजिन असेल तर मार्ग निघतो. वेगळ्या इंधनाचं, वेगळ्या बनावटीचं असेल तर मूळ जातीचं इंजिन शोधून परत बसवण्याची मानसिक तयारी ठेवा.

चेसिस नंबरचा एक अनुभव सांगतो. एक फियाट माझ्याकडे आली होती, दुसऱ्या एका गॅरेजमधून नुकताच नवा रंग लावून. रंग आरशासारखा. इन्स्पेक्टर साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं, कागद-पेन्सिल घेऊन चेसिस नंबरची छाप घ्यायला गेलो, तर कागदावर नुसता सपाट करडा पट्टा. रंगाऱ्याने कोरलेल्या आकड्यांवर लांबी (पुट्टी) भरून घासून गुळगुळीत केलं होतं. साहेबांनी गाडी परत पाठवली आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. गॅरेजमध्ये येऊन थिनरने बोळा भिजवून एकेक थर काढला, पितळी ब्रशने हलक्या हाताने घासलं. लोखंडी ब्रश अजिबात वापरायचा नाही, आकड्यांच्या कडा मरतात. तासाभराने पहिला आकडा दिसला. सगळे दिसल्यावर त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवली, तेव्हा पांढऱ्या रेघांत नंबर उमटला. तेव्हापासून माझ्याकडे रंगाला गाडी गेली की त्या जागेवर आधी चिकटपट्टी लावतो आणि रंगाऱ्याला बोट ठेवून दाखवतो. तुमच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग अजून व्हायचं असेल तर एवढं नक्की करा. झालं असेल तर छाप आजच घेऊन बघा.

रिपासिंगचा खर्च विचारला नाहीत, पण तो सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या हलक्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे. त्यावर उशिराचं शुल्क, महाराष्ट्राचा पर्यावरण कर आणि जुना काही थकलेला कर असेल तर तो. विलंबाचा आकडा प्रणालीत गाडी उघडल्यावर समोर येईल तोच खरा, आधी कुणी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर पैसे देऊ नका. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातल्या बंदीवरून उठलेलं आहे. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेली, नूतनीकरण केलेली खासगी गाडी चालवता येते.

‘व्हिंटेज’ नोंदणीचाही विचार कुणीतरी सुचवेलच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम आणले, पण ते पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी. तुमची गाडी त्यात २०३४ मध्ये येईल. आणि आली तरी लगेच धावू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी आजीला घेऊन जोतिबाला जायचं असेल तर साधी खासगी नोंदणीच हवी.

आता काळ्या प्लेटकडे येतो. तुमची ओढ मला पूर्ण समजते. त्या काळी खासगी गाडीला काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं असायची आणि पद्मिनीच्या चकाकत्या बंपरवर ती फार शोभायची. २००१ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय नियमांतल्या नियम ५० मध्ये खासगी गाडीसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठरली. आज काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी, पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी-ट्रक, हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक. रंग हा आता गाडीच्या वापराची खूण झाला आहे, त्यामुळे ‘जुनी गाडी आहे, जुनी प्लेट आहे’ हा युक्तिवाद रस्त्यावर चालत नाही.

मराठी आकड्यांचंही तसंच. नियम ५० प्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय, म्हणजे वन-टू-थ्रीवाले. मराठीवर प्रेम माझंही तेवढंच आहे, पण ती प्लेट वाचणारा आता फक्त चौकातला हवालदार राहिलेला नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची वाहतूक यंत्रणा सुरू आहे, ती प्लेट स्वतः वाचून चलन काढते. चुकीची वाचली तर चलन भलत्याच माणसाच्या नावावर जातं, आणि अपघातात तुमची गाडी शोधायची वेळ आली तर ती सापडत नाही. ४१४१ चं ‘दादा’ करणं, ८०५५ चं ‘बॉस’ करणं, नंबराशेजारी देवाचं चित्र किंवा पदाचं नाव, हे सगळं याच कारणासाठी बंद आहे. गाडीसाठी अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांतलं अंतर १० मिलिमीटर, इतकं नेमकं नियमात लिहिलेलं आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की आजोबांची मूळ प्लेट अजिबात फेकू नका, घासून नवी करू नका, तिच्यावर रंग देऊ नका. तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून घरात जपा. एखाद्या प्रदर्शनात गाडी उभी असताना, खाजगी आवारात, तिच्यापुढे ती टेकवून ठेवा. रस्त्यावर निघताना गाडीवर एकच प्लेट, कायद्याची.

१ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या महाराष्ट्रातल्या गाड्यांना ती बसवून घ्यायची आहे. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती, नंतर ती अनेकदा वाढली. तुम्ही मुदतीचा विचारच करू नका. ही प्लेट नसेल तर राज्यात गाडी नावावर करणं, पत्ता बदलणं, अशी कामं अडवली जातात, म्हणजे तुमचं काम तसंही तिच्याशिवाय पुढे सरकणार नाही. चारचाकीचा सरकारी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. बुकिंग करताना परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन तिथला दुवा वापरा. शोधयंत्रात नाव टाकून येणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर पैसे भरू नका, हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं आहेत. आरटीओ कोडनुसार राज्य तीन कंपन्यांत वाटलेलं आहे. तुमच्या तीन अक्षरी नंबरात कोड दिसत नाही, त्यामुळे प्रणालीत गाडीसमोर जे कार्यालय दिसतं तेच निवडायचं.

रस्त्याकडेच्या दुकानात मिळणारी, डाव्या कोपऱ्यात निळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ छापलेली प्लेट म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट नव्हे. खरी प्लेट एक मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची, वर डावीकडे अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम, त्याखाली लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि मागे एकदाच बसणारं स्नॅप लॉक. तो दहा अंकी क्रमांक तुमच्या चेसिसशी जोडलेला असतो. मालक बदलला तरी प्लेट तीच राहते, त्यामुळे आजोबांच्या नावावर असतानाच बसवली तरी नंतर पुन्हा खर्च पडत नाही.

बसवताना एक काळजी घ्या. साधारण मोटारीची प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर असते. बसवणारा मुलगा घाईत असतो, तो सरळ ड्रिल लावतो. पद्मिनीचा बंपर क्रोम केलेला आहे, भोक पाडलं की तिथून क्रोम सुटायला लागतं आणि दोन पावसाळ्यांत गंज पसरतो. म्हणून आधी फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या पट्टीची चौकट करून घ्या, ती बंपरच्या मूळ नटबोल्टांवर बसेल अशी, आणि प्लेट त्या चौकटीवर लावायला सांगा. मागच्या प्लेटवर उजेड पाडणारा छोटा बल्ब चालू आहे का हेही बघा. नियमाप्रमाणे रात्री मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे, आणि जुन्या गाड्यांत तोच बल्ब वर्षानुवर्षं बंद असतो. इन्स्पेक्टर तपासतात.

आता लायसन्स. तुमच्या लायसन्सवरचा कोल्हापूरचा पत्ता ही काळजीची गोष्ट नाही. लायसन्स देशभर चालतं. ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी प्रणालीवर पत्ता बदलता येतो, सवडीने बदला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लायसन्स आणि आरसी दोन्हींवर चालू मोबाईल नंबर हवा. ई-चलन आणि ओटीपी तिथेच येतात. आजोबांचा जुना नंबर आरसीला जोडलेला असेल तर गाडी नावावर होताना तो बदलून घ्या. वाटेत दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत चालते, २०१८ पासून नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. स्क्रीनशॉट किंवा फोटो नाही, ॲपमधलीच.

बाबांच्या पुस्तकाबद्दल मात्र मला शंका आहे. पुस्तक जुनं म्हणून बाद होत नाही, पण त्यातली शेवटची तारीख काय आहे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरच्या माणसाचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. मुदत संपल्यावरची पूर्वीची तीस दिवसांची सवलतही तेव्हाच गेली. मुदतीआधी एक वर्ष ते मुदतीनंतर एक वर्ष या काळात नूतनीकरण होतं, वय चाळीसच्या वर असल्याने डॉक्टरांचा फॉर्म १-ए जोडून. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चालवण्याची चाचणी द्यावी लागते. त्याआधी शिकाऊ लायसन्स काढायला लावतात का, हे कोल्हापूरच्या कार्यालयात विचारून घ्या. पुस्तकावरची नोंद ‘सारथी’त नसेल तर गाडीसारखीच तिचीही बॅकलॉग एंट्री लागेल. आणि नावाचं स्पेलिंग तपासा. जुन्या पुस्तकात आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं, आधारवर पूर्ण नाव. प्रणाली ही दोन वेगळी माणसं समजते. शाळा सोडल्याचा दाखला हाताशी ठेवा, दुरुस्ती होते.

स्टिअरिंगवरचा गिअर टाकत बाबांनी कितीतरी वर्षं ही गाडी चालवली असेल, त्यांच्या हाताबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट ठेवणार ते तिथेच. आरसीचंही तसंच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली गाडी चोरीला गेली तेव्हा विम्याचा दावा नाकारणं योग्य ठरवलं. म्हणून रिपासिंग होईपर्यंत गाडी स्वतः चालवत गॅरेजलाही नेऊ नका. फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर, न्या, खर्च सोसा.

तुमच्यासाठी कामाचा क्रम मी असा लावेन: आरसी बुक आणि नंबरांची छाप, मग बॅकलॉग, तोवर आत्या-काकांची प्रतिज्ञापत्रं. मग आजोबा गेल्याचं लेखी कळवून थर्ड पार्टी विमा, आणि पीयूसी. या वयाच्या पेट्रोल गाडीला धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत हवं. सोलेक्स कार्ब्युरेटर साफ करून, आयडलिंग नीट लावलं तर पद्मिनी आरामात बसते. त्यानंतर हाय सिक्युरिटी प्लेट, आणि शेवटी नावावर करणं आणि रिपासिंग. ही शेवटची दोन कामं एकत्र घेतात की एकामागून एक, हे कार्यालयावर आहे.

बाबांच्या पुस्तकातली शेवटची शिक्क्याची तारीख आणि ‘वाहन’वर गाडी दिसते की नाही, या दोन गोष्टी बघून इथेच लिहा. बॅकलॉगच्या अर्जाला काय काय जोडायचं ते मी त्यावरून सांगतो.